पत्त्यातले दोन व्हीए

दिवाळीच्या तोंडावर भाचीला फराळाचा खोका पाठवायचा होता. ती अमेरिकेत डॉक्टर आहे. दिवसभर घराला कुलूप असतं, म्हणून पार्सल कामाच्या ठिकाणीच मागवते. कुरिअरच्या काउंटरवर मी पत्ता वाचून दाखवला : सेलम व्हीए मेडिकल सेंटर, १९७० रोआनोक बुलेव्हार्ड, सेलम, व्हीए २४१५३. पावती हातात आली तेव्हा तिच्यावर एकच व्हीए उरला होता. मी विचारलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काकू, राज्याचं नाव दोनदा आलं होतं, म्हणून एक काढून टाकलं."

त्याने ते मनापासून, काम नीट व्हावं म्हणूनच केलं होतं. दोन्हीकडे अक्षरं तीच, उच्चार तोच. पण त्या पत्त्यात राज्य एकदाच आलं होतं. शेवटचा व्हीए म्हणजे व्हर्जिनिया. पहिला व्हीए म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारचं माजी सैनिकांसाठीचं खातं. मी त्याला हे समजावून सांगायला लागले आणि दोन वाक्यांनंतर अडखळले. राज्याला ही अक्षरं कुणी दिली, खात्याला कशी मिळाली आणि दोघं एका ओळीत आले तर कुणाला कसं ओळखायचं, हे मलाही धड सांगता येईना. त्यानंतर जे वाचलं, भाचीकडून समजून घेतलं, ते इथे क्रमाने मांडते.

आधी एक गोष्ट ध्यानात घेऊ. ही दोन अक्षरं आपल्या रोजच्या वावरातही आहेत. गावच्या ट्रान्सफॉर्मरवर ६३ केव्हीए किंवा १०० केव्हीए लिहिलेलं असतं, त्यातला व्हीए म्हणजे व्होल्ट-अँपिअर. डोळे तपासून आल्यावर केसपेपरवर व्हीए आणि पुढे ६/६ दिसतं, तो दृष्टीची तीक्ष्णता सांगतो. इंटरनेटच्या पत्त्याच्या शेवटी टिंब देऊन व्हीए आला तर तो व्हॅटिकनचा. म्हणजे अक्षरांच्या पोटात अर्थ नाही. अक्षरं कुठे बसली आहेत आणि तिथे ती कुणी बसवली, यावरून अर्थ ठरतो.

आता राज्य. व्हर्जिनिया पूर्व किनाऱ्यावर आहे, राजधानी रिचमंड. १६०७ साली जेम्सटाउनला इंग्रजांची उत्तर अमेरिकेतली पहिली टिकलेली वसाहत झाली ती याच मुलखात. अविवाहित राहिलेल्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या गौरवार्थ या प्रदेशाला हे नाव त्याआधीच पडलं होतं. नाव लांब, त्यामुळे हाताने लिहिण्याच्या काळात त्याचं पहिलं आणि शेवटचं अक्षर घेऊन पुढे टिंब देत. आपण मु. पो., ता., जि. लिहितो तेव्हा शब्दाचं पहिलं अक्षर ठेवतो आणि बाकीचं टिंबावर सोपवतो. इंग्रजीत पहिलं आणि शेवटचं अक्षर ठेवून मधलं गाळण्याचीही रीत आहे. व्हर्जिनिया, पेनसिल्व्हेनिया, जॉर्जिया, केंटकी ही राज्यं त्या रीतीने आखूड झाली. पण सगळ्यांना एकच नियम नव्हता. कॅलिफोर्निया लिहायला पाच अक्षरं लागत, मॅसॅच्युसेट्सला चार. टपाल हाताने वेगळं केलं जात होतं, तोवर याने काही अडत नव्हतं. वाचणारा माणूस होता, त्याला सगळं कळत होतं.

अडलं ते १९६३ साली. १ जुलै १९६३ रोजी अमेरिकेच्या टपाल खात्याने पाच आकड्यांचा झिप कोड सुरू केला. गाव, राज्य आणि हे पाच आकडे एकाच ओळीत यावेत अशी खात्याची इच्छा होती. पण मोठ्या कंपन्या, मासिकं, सरकारी कचेऱ्या पत्ते छापायला जी यंत्रं वापरत, त्यांच्या ओळीत साधारण २३ अक्षरांचीच जागा असे. गावाचं नाव कापून चालणार नव्हतं, आकडे तर नवेच आले होते. मग कात्री लागली राज्याला. उन्हाळ्यात निघालेल्या पहिल्या यादीत काही राज्यांना दोनपेक्षा जास्त अक्षरं ठेवली होती, तीही यंत्रात मावेनात. ऑक्टोबर १९६३ मध्ये नवी यादी निघाली आणि प्रत्येक राज्याला दोनच अक्षरं मिळाली : दोन्ही मोठी, मध्ये किंवा शेवटी टिंब नाही.

व्हर्जिनियाला याचा त्रास झाला नाही. जुनीच दोन अक्षरं राहिली, फक्त टिंब गेलं आणि दुसरं अक्षर मोठं झालं. खरी ओढाताण झाली ती एम या अक्षरावर. त्या अक्षराने सुरू होणारी आठ राज्यं आहेत. मिशिगनने एमआय घेतला, मिनेसोटाला एमएन, मिसिसिपीला एमएस, मिसूरीला एमओ. या चार रूपांची गल्लत अमेरिकेत जन्मलेली माणसंही करतात. व्हीने सुरू होणारी राज्यं दोनच, व्हर्जिनिया आणि व्हरमाँट. व्हरमाँटला व्हीटी मिळाला. व्हर्जिनियाची पहिली दोन अक्षरं घेतली असती तर व्हीआय झाला असता, पण तो व्हर्जिन बेटांचा आहे. वेस्ट व्हर्जिनिया हे वेगळं राज्य, यादवी युद्धाच्या काळात २० जून १८६३ रोजी व्हर्जिनियातून फुटून झालेलं. त्याचं संक्षिप्त रूप डब्ल्यूव्ही. पार्सल पाठवताना या दोघांची गल्लत करू नये. त्या यादीत पुढे एकच बदल झाला. नेब्रास्काला आधी दिलेली एनबी ही अक्षरं कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकशी जुळत होती. कॅनडाच्या टपाल खात्याने विनंती केली आणि १९६९ साली नेब्रास्का एनई झालं.

भाचीच्या पत्त्यातला २४१५३ हा आकडाही आता वाचता येतो. पहिला आकडा देशाचा मोठा पट्टा सांगतो. पूर्वेकडच्या टोकाला शून्य, पश्चिमेला नऊ. दोन म्हणजे वॉशिंग्टन डीसी, मेरीलँड, दोन्ही व्हर्जिनिया आणि दोन्ही कॅरोलायना. पुढचे दोन आकडे टपाल वेगळं करणारं मोठं केंद्र दाखवतात, शेवटचे दोन गाव किंवा वाटपाचा भाग. सेलम नावाची गावं ओरेगॉनमध्ये आहेत, मॅसॅच्युसेट्समध्ये आहेत, त्यामुळे गावाच्या पुढचा व्हीए आणि हा आकडा या दोन्ही खुणा एकमेकांची साक्ष काढतात. एकात चूक झाली तर दुसरं ती पकडतं.

आपला पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला आणि त्याची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने केली, टपाल-तार खात्यातला अधिकारी आणि संस्कृतचा कवी. त्यांच्यापुढचा प्रश्नही सारख्या नावाच्या गावांचा होता, शिवाय प्रत्येक भाषेची लिपी वेगळी. त्यांनी ओझं आकड्यांवर टाकलं. चारने सुरू होणारा पिन आणि पहिले दोन आकडे ४० ते ४४ यांमधले असले की आपण महाराष्ट्र आणि गोवा या भागात आलो, ४०३ असला की गोव्यात. म्हणून आपल्या पत्त्यात राज्याची दोन अक्षरं लिहायची सवय लागली नाही. ती आपण गाडीच्या पाटीवर वाचतो, आणि तिथे ती बदलतातही. ओडिशाचा ओआर ओडी झाला, उत्तराखंडचा यूए यूके झाला, तेलंगणचा टीएस २०२४ साली टीजी झाला.

अमेरिकेच्या पत्त्यात राज्याच्या जागेवर कधीकधी असं काही येतं जे राज्यच नाही. सैनिक परदेशात तैनात असला की त्याच्या पत्त्यात राज्याच्या ठिकाणी एई, एपी किंवा एए लिहितात. एई बहुतेक युरोपच्या बाजूला, एपी प्रशांत महासागराच्या, एए अमेरिका खंडांच्या. आपल्याला एपी म्हटल्यावर आंध्र आठवतं, त्यामुळे हे पहिल्यांदा वाचताना मी थबकले होते. आपल्याकडेही लष्करी टपालाचा पिन नऊने सुरू होतो, तो कुठल्याच राज्याचा नसतो. अमेरिकेचा सैनिक नोकरी संपवून घरी परततो, तेव्हा त्याची गाठ पडते ती दुसऱ्या व्हीएशी.

अमेरिकेने युद्धातून परतलेल्यांची सोय एकदम एका छताखाली केली नाही. यादवी युद्धानंतर अपंग स्वयंसैनिकांसाठी राष्ट्रीय आश्रयगृहं निघाली. निवृत्तिवेतनाचं कार्यालय वेगळं होतं. पहिल्या महायुद्धानंतर, १९२१ साली, आणखी एक ब्यूरो निघाला. एखाद्या माणसाचा पाय गेला असेल तर उपचार एकीकडे, पेन्शन दुसरीकडे, राहायची सोय तिसरीकडे. २१ जुलै १९३० रोजी अध्यक्ष हूव्हर यांच्या आदेशाने ही तिन्ही एकत्र आली आणि व्हेटरन्स ॲडमिनिस्ट्रेशन तयार झालं. त्याच्या आद्याक्षरांचा व्हीए. म्हणजे खात्याने ही अक्षरं राज्याला टपालाच्या यादीत मिळण्याच्या ३३ वर्षं आधीच घेतली होती. त्या वेळी राज्याच्या नावात टिंब आणि लहान अक्षर होतं, त्यामुळे छापलेल्या कागदावर दोघं वेगळे दिसत. १९६३ च्या यादीने टिंब काढलं आणि तेव्हापासून दोन्ही व्हीए डोळ्यांना एक झाले. या सगळ्या गोंधळाचं मूळ एका छापयंत्राच्या अपुऱ्या ओळीत आहे, असं माझं मत झालं आहे.

दुसऱ्या महायुद्धाने खातं अवाढव्य केलं. २२ जून १९४४ रोजी झालेल्या जीआय कायद्याने परतलेल्या सैनिकांना शिक्षणाचा खर्च आणि घरकर्जाची हमी मिळाली. अध्यक्ष रेगन यांच्या सहीने २५ ऑक्टोबर १९८८ ला खात्याला मंत्रिमंडळात स्थान मिळालं आणि १५ मार्च १९८९ पासून ते डिपार्टमेंट ऑफ व्हेटरन्स अफेअर्स म्हणून काम करू लागलं. ॲडमिनिस्ट्रेशन गेलं, अफेअर्स आलं, दोन्ही शब्द ए याच अक्षराचे. डिपार्टमेंटचा डी पुढे लावून डीव्हीए म्हणता आलं असतं, ऑस्ट्रेलियातलं तसंच खातं डीव्हीएच म्हणवतं. पण अमेरिकेत साठ वर्षांची सवय मोडायची नव्हती. व्हीए तसाच राहिला.

आज संरक्षण खात्याच्या खालोखाल सर्वांत जास्त कर्मचारी या खात्यात आहेत, चार लाखांहून अधिक. ते संरक्षण खात्यापासून पूर्ण स्वतंत्र आहे, हे आपल्या वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावं. आपल्याकडे माजी सैनिक कल्याण विभाग संरक्षण मंत्रालयाच्या आतच आहे आणि जिल्ह्याच्या पातळीवर सैनिक कल्याण कार्यालय असतं, त्यामुळे तिथेही तसंच असेल असं आपण धरून चालतो. तिथे व्हीएच्या तीन शाखा आहेत. एक भत्ते, शिक्षण, कर्ज पाहते. एक दफनभूमी सांभाळते. तिसरी रुग्णालयं चालवते आणि लोकांच्या तोंडी व्हीए म्हणजे बहुधा हीच.

रुग्णालयांची शाखा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्या देशात बहुतेकांचे उपचार खासगी विम्यावर चालतात, तिथे सरकारच्या मालकीची सुमारे १७० मोठी रुग्णालयं आहेत, डॉक्टर सरकारचे पगारी नोकर आहेत आणि सुमारे ९० लाख माजी सैनिकांनी नाव नोंदवलेलं आहे. सेवा बजावली म्हणजे दार आपोआप उघडतं असं मात्र नाही. सेवेतून कसं मुक्त केलं, सेवेमुळे किती अपंगत्व आलं, उत्पन्न किती, हे सगळं पाहतात. अपंगत्व शून्यापासून शंभरपर्यंत दहा-दहाच्या पायऱ्यांनी मोजतात आणि त्या टक्क्यावर भत्ता ठरतो. याच रुग्णालयांत संशोधनही झालं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या व्हीए रुग्णालयात रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातलं अतिसूक्ष्म प्रमाणातलं संप्रेरक मोजायची पद्धत शोधली. यालो यांना १९७७ चं नोबेल मिळालं, बर्सन त्याआधीच वारले होते. आज आपल्या तालुक्याच्या लॅबमध्ये थायरॉइडची तपासणी होते, तिची मुळं त्या शोधापर्यंत जातात. अमेरिकेतल्या डॉक्टरांपैकी बऱ्याच मोठ्या हिश्श्याने प्रशिक्षणाचा काही काळ व्हीए रुग्णालयात काढलेला असतो. रेसिडेन्सीसाठी गेलेली आपली मुलं फोनवर "या महिन्यात व्हीएला आहे" म्हणतात ते यामुळे. ती व्हर्जिनियात असतीलच असं नाही, टेक्सासमध्येही असू शकतात.

भाचीने सांगितलेली एक गोष्ट मला या दोन व्हीएंमधलं नातं सर्वांत स्वच्छ समजावून गेली. अमेरिकेत डॉक्टरला परवाना राज्य देतं. एका राज्याचा परवाना घेऊन शेजारच्या राज्यात दवाखाना थाटता येत नाही. पण व्हीए रुग्णालयातल्या डॉक्टरकडे कुठल्याही एका राज्याचा चालू परवाना असला की तो खात्याच्या कुठल्याही रुग्णालयात काम करू शकतो. तिचा स्वतःचा परवाना पेनसिल्व्हेनियाचा आहे. पत्त्यातला पहिला व्हीए दुसऱ्या व्हीएच्या जमिनीवर उभा आहे, पण त्याच्या हुकमतीखाली नाही.

व्हर्जिनियात या दोघांची गाठ फार जुनी आहे. हॅम्प्टनला १८७० साली अपंग सैनिकांचं आश्रयगृह सुरू झालं, यादवी युद्धात युनियनच्या, म्हणजे जिंकलेल्या बाजूने लढलेल्यांसाठी, आणि तेही हरलेल्या बाजूच्या राज्यात. तिथेच आज खात्याचं वैद्यकीय केंद्र आहे. सेलमच्या रुग्णालयाचं उद्घाटन १९३४ मध्ये अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या हस्ते झालं. पेंटॅगॉन व्हर्जिनियात, नॉरफोकचा प्रचंड नौदल तळ व्हर्जिनियात, त्यामुळे निवृत्त होऊन तिथेच स्थायिक झालेले सैनिकही पुष्कळ. आणि राज्याचं स्वतःचंही माजी सैनिकांसाठीचं एक खातं आहे, डीव्हीएस नावाचं, रिचमंडहून चालणारं. ते केंद्राचा व्हीए नव्हे. अर्ज भरायला मदत करतं, राज्याच्या सवलती देतं, पण भत्त्याचा निर्णय केंद्राचं खातं घेतं.

सर्वांत फसवं ठिकाण आर्लिंग्टनची राष्ट्रीय दफनभूमी. सैनिकांची, व्हर्जिनियातली, म्हणजे व्हीएचीच असणार असं कुणालाही वाटेल. ती राज्य या अर्थाने व्हीएमध्ये आहे, पण खाते या अर्थाने व्हीएची नाही. ती अमेरिकेचं भूदल सांभाळतं. व्हीएकडे दीडशेहून अधिक राष्ट्रीय दफनभूमी आहेत, आर्लिंग्टन त्यांत येत नाही.

ओळखायचं कसं, याचं उत्तर भाचीने एका वाक्यात दिलं : "मावशी, राज्य लिहितात आणि खातं बोलतात." अमेरिकेत सहसा कुणी "मी व्हीएला राहतो" म्हणत नाही, व्हर्जिनिया म्हणतात. राज्याची दोन अक्षरं जवळजवळ फक्त लिहिण्यात जगतात. वॉशिंग्टनला लागून असलेल्या भागाला नॉर्दर्न व्हर्जिनियाऐवजी नोव्हा म्हणतात, असा एखादा अपवाद आहे, पण तिथेही अक्षरं विरघळून शब्द झाला आहे. उलट बोलण्यात, इंग्रजी 'द' लावून व्हीए आला की तो माजी सैनिकांचं खातं. लिहिण्यात पाहायचं ते शेजाऱ्याकडे. आधी गावाचं नाव आणि स्वल्पविराम, नंतर पाच आकडे असले की राज्य. पुढे हॉस्पिटल, मेडिकल सेंटर, लोन, बेनिफिट असा शब्द असला की खातं.

राज्याची स्वतःची काही खाती नावाच्या सुरुवातीला फक्त व्ही लावतात. रस्ते आणि वाहतुकीचं खातं व्हीडॉट. संकेतस्थळांची गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे. व्हीए डॉट गव्ह हे केंद्राच्या माजी सैनिक खात्याचं, राज्याला तिथे पूर्ण नाव लिहून व्हर्जिनिया डॉट गव्ह घ्यावं लागलं.

घराच्या जाहिराती वाचताना मात्र दोन्ही अर्थ एकाच ओळीत येतात, आणि तिथे पैशाचा प्रश्न असतो. आर्लिंग्टन, व्हीए असं ठिकाण दिलेलं असतं आणि खाली कर्जाच्या प्रकारांत पुन्हा व्हीए. हे दुसरं कर्ज व्हर्जिनियात राहणाऱ्याला मिळतं असा अर्थ नाही. ते सैनिक, माजी सैनिक आणि काही बाबतींत त्यांच्या मागे राहिलेल्या जोडीदारासाठी आहे, देशात कुठेही. बहुतेक वेळा पैसे खातं देत नाही, बँक देते. खातं काही हिश्श्याची हमी घेतं, म्हणून बँक सुरुवातीची रक्कम न मागताही कर्ज देऊ शकते. नुकत्याच तिकडे गेलेल्या कुणाला घर घ्यायचं असेल तर हा फरक आधी सांगावा.

त्या दिवशी काउंटरवरच्या मुलाने माझं अडखळत सांगणंही ऐकून घेतलं, पावती रद्द केली आणि दोन्ही व्हीए घालून नवी काढली. तुमच्या घरातलं कुणी अशा रुग्णालयात असेल तर पत्ता देताना पहिल्या व्हीएच्या जागी "व्हेटरन्स अफेअर्स" आणि दुसऱ्याच्या जागी "व्हर्जिनिया" असं कागदावर एकदा पूर्ण लिहून न्या, आणि पावती हातात घेतल्यावर दोन्ही आहेत ना ते तिथेच उभं राहून तपासा.